काकांना अमेरिकेत आणणारा ‘सेलर कायदा’ आणि त्यामागचा माणूस

प्रश्न थोडक्यात असा आहे: “माझे काका १९७० साली सांगलीहून अमेरिकेत गेले. ते नेहमी म्हणतात, ‘आम्ही सगळे सेलरच्या कायद्याने आलो.’ हा सेलर कोण? ना राष्ट्राध्यक्ष, ना सिनेटर, नुसता खासदार. मग त्याच्या हातात एवढं काय होतं? आणि पन्नास वर्षं निवडून येणारा माणूस तिशीतल्या नवख्या वकील बाईकडून हरला तो कसा?”

काका खरं तेच सांगताहेत. मी न्यू जर्सीत गेली अठ्ठावीस वर्षं इमिग्रेशनची वकिली करते. ग्रीन कार्ड, नागरिकत्व, भावा-बहिणींच्या पिटिशन हेच माझं रोजचं काम. नातलग कोणत्या रांगेत, नोकरीवाले कोणत्या रांगेत, कोणत्या देशाला किती व्हिसा, या सगळ्याची मांडणी मुळात १९६५ च्या कायद्याने केली. पुढे त्यात बदल झाले, पण घराचे खांब तेच आहेत. हे खांब उभे करण्यासाठी जो माणूस ४१ वर्षं थांबला, त्याचं नाव इमॅन्युएल सेलर. तुम्ही विचारलेले दोन प्रश्न, त्याच्या हातात काय होतं आणि तो हरला कसा, यांचं उत्तर माझ्या मते एकच आहे. त्यासाठी जरा मागून सुरुवात करावी लागेल.

सेलर यांचा जन्म ६ मे १८८८ चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. आजोळ आणि वडिलांचं घराणं, दोन्ही जर्मनीतून आलेली. वडिलांचा व्हिस्कीचा धंदा होता, घराच्या तळघरात व्हिस्कीची मोठी टाकी होती. धंदा बुडाला आणि वडिलांवर दारोदार वाइन विकायची पाळी आली. मुलगा कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच वडील गेले, पाठोपाठ काही महिन्यांत आई गेली. घराची जबाबदारी अंगावर पडली. सेलर सकाळी वर्गात बसत आणि दुपारी वडिलांच्याच गिऱ्हाइकांकडे वाइन विकत फिरत. १९१२ मध्ये ते वकील झाले. १९२२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडून ब्रुकलिनमधून निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या प्रचाराचे मुद्दे दोनच होते: दारूबंदीला विरोध आणि राष्ट्रसंघाला पाठिंबा. तोपर्यंत रिपब्लिकन पक्षाकडे असलेला तो मतदारसंघ त्यांनी जिंकला. ४ मार्च १९२३ ला मुदत सुरू झाली, ती संपली ३ जानेवारी १९७३ ला.

त्यांची मुदत सुरू होण्याच्या दोनच आठवडे आधी, १९ फेब्रुवारी १९२३ ला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद खटल्याचा निकाल दिला. त्या काळी नागरिकत्व मिळायचं ते ‘गोऱ्या’ माणसाला किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसाला. थिंद हे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले. कोर्टाने सांगितलं, मानववंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हिंदुस्थानी माणूस बसत नाही. थिंद यांची बाजू मांडणाऱ्या वकिलांचं नाव होतं सखाराम गणेश पंडित. हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी फाइल खाली ठेवून थोडा वेळ तशीच बसले होते. या निकालानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या हिंदुस्थानींचं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली. त्यात पंडितांवरही खटला आला. माझं नागरिकत्व गेलं तर माझी वकिली जाईल, मालमत्ता जाईल, माझी अमेरिकेत जन्मलेली पत्नीही नागरिक राहणार नाही, असं त्यांनी कोर्टात मांडलं आणि १९२६ मध्ये अपील कोर्टात ते जिंकले. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने सरकारचा अर्ज ऐकायला नकार दिला. बाकीच्यांच्या वाट्याला हे नशीब आलं नाही.

सेलर खासदार झाले त्या वेळी देशात ही हवा होती. १९२४ मध्ये जॉन्सन-रीड कायदा आला. त्याची गणिती बाजू समजून घ्या, कारण सेलर आयुष्यभर तिच्याशीच भांडले. कोणत्या देशातून किती माणसं येऊ द्यायची, हे त्या देशाची किती माणसं अमेरिकेत आधीच आहेत यावर ठरायचं: त्यांच्या संख्येच्या २ टक्के. पण मोजणी कोणत्या साली झालेली धरायची? १९२० ची ताजी जनगणना हाताशी असताना कायद्याने १८९० ची धरली. कारण साधं होतं. इटलीतून, पोलंडमधून, रशियातून कॅथलिक आणि ज्यू लोकांचे लोंढे आले ते १८९० नंतर. मोजणी मागे नेली की ही माणसं हिशेबातूनच गळतात. आशियाचा तर प्रश्नच नव्हता. ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही त्यांना स्थलांतरित म्हणून येताही येणार नाही, असं कलमच घातलं होतं. पुढे १९२९ पासून सूत्र थोडं बदललं, पण निकाल तोच राहिला. ब्रिटनला वर्षाला ६५ हजारांवर जागा मिळत. त्यातल्या बऱ्याच रिकाम्या राहत, आणि त्या दुसऱ्या कुणाला देता येत नसत.

सेलर यांनी सभागृहात पहिलं मोठं भाषण केलं ते या विधेयकाविरुद्ध. प्रतिनिधिगृहात, म्हणजे अमेरिकन संसदेच्या खालच्या सभागृहात, विधेयक ३२३ विरुद्ध ७१ मतांनी मंजूर झालं. नव्या खासदाराची पहिली लढाई अशी सपाटून हरली.

पुढची वीस-पंचवीस वर्षं याच कायद्याच्या भिंतीवर डोकं आपटण्यात गेली. हिटलरच्या काळात युरोपातून जीव वाचवून पळणाऱ्यांसाठी कोटा उघडावा म्हणून सेलर ओरडत राहिले. दाद मिळाली नाही. आत्मचरित्रात त्यांनी एक प्रसंग सांगितला आहे. युद्ध चालू असताना एक म्हातारे रब्बी काठी टेकत त्यांच्या ब्रुकलिनच्या घरी आले आणि तिकडे काय चाललंय ते दिसत नाही का, असं विचारू लागले. सेलर यांनी त्यांना वरून मिळालेलं सरकारी उत्तर दिलं, जहाजं सैन्यासाठी लागताहेत. रब्बी म्हणाले, एवढी गुरं मारली गेली असती तरी यापेक्षा जास्त हळहळ झाली असती, ही तर माणसं आहेत. माझ्या टेबलासमोर बसून रडणाऱ्या माणसाला ‘कायद्यात सोय नाही’ असं सांगायची वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे. त्या क्षणी आपण वकील असून काय उपयोग, असं वाटतं. सेलर तर खासदार होते, कायदा करणाऱ्यांपैकीच एक. त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

भारतीयांशी त्यांचा थेट संबंध आला तो याच सुमाराला. न्यूयॉर्कमध्ये जे. जे. सिंग नावाचे एक शीख व्यापारी होते, इंडिया लीग ऑफ अमेरिका या संस्थेचे अध्यक्ष. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळावा म्हणून त्यांनी वॉशिंग्टनमध्ये दारं ठोठावली. विधेयकाला दोन नावं मिळाली: रिपब्लिकन पक्षाच्या क्लेअर बूथ लूस आणि डेमोक्रॅट सेलर. २ जुलै १९४६ ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यावर सही केली. या लूस-सेलर कायद्याने भारतीय आणि फिलिपिनो माणसाला नागरिक होता येऊ लागलं. भारतातून किती जणांना येता येणार होतं? वर्षाला १००. आज हा आकडा चेष्टेसारखा वाटतो, पण कॅलिफोर्नियात वीस-तीस वर्षं दुसऱ्याच्या नावावर शेती करणाऱ्या पंजाबी शेतकऱ्याला त्यामुळे पहिल्यांदा स्वतःच्या नावाने जमीन घेता आली. त्यांच्यातलेच दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले, १९५६ मध्ये निवडून आले आणि ज्या सभागृहात सेलर बसत त्याच सभागृहात खासदार म्हणून जाऊन बसले.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते, नुसत्या खासदाराच्या हातात एवढं काय होतं? १९४९ मध्ये सेलर प्रतिनिधिगृहाच्या न्याय समितीचे अध्यक्ष झाले. रिपब्लिकन बहुमताची दोन वर्षं सोडली तर ते १९७३ पर्यंत त्या खुर्चीवर होते. त्या काळात समितीचा अध्यक्ष ठरायचा ज्येष्ठतेने. जो जास्त वर्षं निवडून आला तो अध्यक्ष, आणि एकदा झाला की त्याला हलवणं जवळपास अशक्य. विधेयक समितीकडे आलं की त्यावर सुनावणी लावायची की नाही, हे अध्यक्ष ठरवी. सुनावणी नाही म्हणजे मतदान नाही, आणि मतदान नाही म्हणजे विधेयकाच्या विरोधात कुणाला हात वर करायचीही गरज नाही. ते खणात पडून मरतं. दक्षिणेकडच्या राज्यांतले खासदार वर्षानुवर्षं बिनविरोध निवडून येत, म्हणून बहुतेक खुर्च्या त्यांच्याकडे होत्या, आणि काळ्या लोकांच्या हक्कांची विधेयकं त्यांच्या खणांत जात. न्याय समितीची खुर्ची ब्रुकलिनच्या माणसाकडे आली हे म्हणूनच महत्त्वाचं. त्यात आणखी एक गोष्ट जुळून आली. १९४६ च्या संसदीय सुधारणांत वेगळी इमिग्रेशन समिती बरखास्त होऊन तो विषय न्याय समितीत आला होता.

पण खुर्ची मिळाली म्हणून लगेच सगळं हाती आलं असं नाही. इमिग्रेशनची उपसमिती पेनसिल्व्हेनियाच्या फ्रान्सिस वॉल्टर यांच्याकडे होती. पक्ष तोच, मत मात्र उलट. १९५२ मध्ये वॉल्टर यांनी नेवाडाचे सिनेटर मॅकॅरन यांच्याबरोबर नवा कायदा आणला आणि त्यात देशनिहाय कोटा तसाच ठेवला. सेलर यांनी विरोध केला, ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला, आणि दोन्ही सभागृहांनी तो नकाराधिकार दोन तृतीयांश मतांनी मोडून काढला. स्वतःच्याच समितीत, अध्यक्ष असताना, सेलर पुन्हा हरले. वॉल्टर १९६३ मध्ये वारले, तोपर्यंत या विषयात पान हललं नाही.

मधल्या काळात त्यांनी बाकी पुष्कळ काम केलं. १९५० चा सेलर-केफॉव्हर कायदा मक्तेदारीविरोधातला. बाजारातली स्पर्धा मारण्यासाठी दुसऱ्या कंपनीचे शेअर घ्यायला आधीच्या कायद्याने बंदी होती, म्हणून कंपन्या शेअर न घेता थेट कारखाने आणि मालमत्ताच विकत घेत. ती पळवाट या कायद्याने बुजवली. अमेरिकेतल्या कंपन्यांच्या विलीनीकरणाचं कोणतंही प्रकरण आजही या कलमावर येऊन थांबतं. माझा तो विषय नाही, त्यामुळे खोलात जात नाही.

पण १९६३-६४ ची गोष्ट सांगितल्याशिवाय सेलर कळणार नाहीत. जून १९६३ मध्ये केनेडींनी नागरी हक्कांचं विधेयक पाठवलं, ते सभागृहात मांडलं सेलर यांनी. हॉटेलात, थिएटरात, नोकरीत वंशावरून भेद करायला बंदी. समितीतले त्यांचे जोडीदार होते विल्यम मॅक्युलक, ओहायोतल्या पिक्वा नावाच्या छोट्या गावचे रिपब्लिकन. त्यांच्या मतदारसंघात काळी मतं अगदी थोडी, म्हणजे मतांसाठी त्यांना हे करायचं काहीच कारण नव्हतं. त्यांची मुख्य अट होती: आम्ही इथे मंजूर केलेलं विधेयक सिनेटमध्ये पातळ करायचं नाही. सेलर यांच्या उपसमितीने उत्साहाच्या भरात विधेयक इतकं कडक केलं की रिपब्लिकन मतं हातची जायची वेळ आली. मग ते पुन्हा बसून, जुळवून घेऊन, मधल्या रेषेवर आणावं लागलं. ते समितीतून बाहेर पडलं आणि महिन्याभरात केनेडींची हत्या झाली.

आता विधेयक अडलं नियम समितीत. कोणतं विधेयक सभागृहात कधी येणार हे ती समिती ठरवते, आणि तिचे अध्यक्ष होते व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ, वर्णभेदाचे कट्टर समर्थक. १९५७ मध्ये असंच विधेयक आलं तेव्हा आपल्या शेतावरचा गोठा जळाला असं सांगून ते गावी निघून गेले आणि समितीची बैठकच होऊ शकली नाही, हा किस्सा वॉशिंग्टनमध्ये अजून सांगतात. या वेळी सेलर यांनी ९ डिसेंबर १९६३ ला डिस्चार्ज पिटिशन दाखल केली. ४३५ पैकी २१८ खासदारांनी सही केली तर समितीच्या खणातून विधेयक ओढून थेट सभागृहात आणता येतं, असं हे हत्यार आहे. खासदार ते सहसा वापरत नाहीत. आज मी दुसऱ्या अध्यक्षाचा खण उघडला तर उद्या माझा उघडेल, ही भीती प्रत्येकाला असते. सेलर यांनी ते उचललं. सह्या पुऱ्या व्हायच्या आधीच दबाव इतका वाढला की स्मिथ यांना जानेवारीत सुनावणी लावावी लागली. १० फेब्रुवारी १९६४ ला प्रतिनिधिगृहाने विधेयक २९० विरुद्ध १३० ने मंजूर केलं. सिनेटमधला अडवणुकीचा प्रदीर्घ मारा संपून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली ती २ जुलैला. लूस-सेलर कायद्यावर ट्रुमन यांनी सही केली तीही तारीख २ जुलैच होती, अठरा वर्षं आधीची.

ही पिटिशन लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

१९६५ उजाडलं तेव्हा जॉन्सन प्रचंड बहुमताने निवडून आले होते, मतदान हक्काचा कायदाही सेलर यांच्याच समितीतून ऑगस्टमध्ये पार पडला, आणि इमिग्रेशनचं विधेयकही हलू लागलं. वॉल्टर यांच्या जागी ओहायोचे मायकेल फीगन आले होते. त्यांनी १९६४ मध्ये ते रेंगाळत ठेवलं. शेवटी ते तयार झाले, पण एका बदलावर. सरकारच्या मूळ मसुद्यात निम्म्या जागा शिक्षण आणि कौशल्यासाठी होत्या. फीगन यांनी नातलगांना पुढे आणलं. इथे जे आहेत त्यांच्याच भावा-बहिणींना आणि मुलांना प्राधान्य दिलं तर देशाचा तोंडवळा आहे तसाच राहील, असा हिशेब होता. सेलर यांनी तो बदल स्वीकारला. देशनिहाय कोटा जाणं हे त्यांच्यासाठी मुख्य होतं. ऑगस्टमधल्या चर्चेत त्यांनी स्वतःच सभागृहाला सांगितलं की आशिया-आफ्रिकेच्या लोकांचे इथे नातलगच फारसे नाहीत, त्यामुळे तिथून तुलनेने थोडेच लोक येतील. ३१८ विरुद्ध ९५ मतांनी विधेयक पार पडलं. रविवार, ३ ऑक्टोबर १९६५ ला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी सही झाली. जॉन्सन म्हणाले, हे काही क्रांतिकारक विधेयक नाही. मिशिगनचे सिनेटर फिलिप हार्ट आणि सेलर यांच्या नावांवरून हा हार्ट-सेलर कायदा. १९२४ चं ते पहिलं भाषण केलं तेव्हा सेलर ३६ वर्षांचे होणार होते. आता ते ७७ चे होते.

अंदाज मात्र पार चुकला, आणि तुमच्या काकांची गोष्ट त्या चुकलेल्या अंदाजात आहे. नव्या कायद्याने पूर्व गोलार्धाला वर्षाला १,७०,००० जागा दिल्या, एका देशाला जास्तीत जास्त २०,०००. त्यातल्या १० टक्के ‘तिसऱ्या प्राधान्या’साठी: डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ. युरोपात तोवर सुबत्ता आली होती, तिथल्या इंजिनिअरला घर सोडायची घाई नव्हती. भारतात मात्र स्वातंत्र्यानंतर उभ्या राहिलेल्या कॉलेजांतून इंजिनिअर आणि डॉक्टर बाहेर पडत होते आणि नोकऱ्या तेवढ्या नव्हत्या. शिवाय १९७६ च्या दुरुस्तीपर्यंत तिसऱ्या प्राधान्याला हातात नोकरीचं पत्र असण्याची अट नव्हती. पदवी, अनुभव आणि अर्ज. मुंबईत ब्रीच कँडीच्या लिंकन हाउससमोर, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकन वकिलातीसमोर, रांगा लागल्या त्या तेव्हापासून.

माझे एक अशील आहेत, आता पंच्याऐंशीच्या घरातले. त्यांनी एकदा बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. आत पिवळी पडलेली कागदपत्रं. पिटिशन मंजूर झाल्याचं पत्र, छातीच्या एक्स-रेचा दाखला, परकीय चलनाचे आठ डॉलर मिळाल्याची नोंद असलेला पासपोर्ट. पासपोर्टवर प्रवेशाचा शिक्का आणि शिक्क्यात हाताने लिहिलेलं ‘पी-३-१’, म्हणजे तिसरं प्राधान्य. डब्याच्या तळाशी आईने बांधून दिलेल्या मेतकुटाच्या पुडीवरचं वर्तमानपत्र घडी घालून ठेवलेलं होतं. त्यांनी १९७० ला पाय ठेवला, पाच वर्षांनी नागरिक झाले, आई-वडिलांना आणलं, मग भावासाठी आणि बहिणीसाठी पाचव्या प्राधान्यात अर्ज केले. पाचव्या प्राधान्याला २४ टक्के जागा होत्या, सगळ्यात जास्त. नातलग नाहीत म्हणून येणार नाहीत असं ज्यांच्याबद्दल म्हटलं होतं, त्यांनी आधी शिक्षणाच्या दारातून एक माणूस आत पाठवला आणि त्याने नातलगांचं दार उघडलं. १९८० च्या जनगणनेत अमेरिकेतले भारतीय साडेतीन लाखांच्या वर होते. गावोगावी महाराष्ट्र मंडळं झाली, आणि १९८१ मध्ये त्यांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ.

आशियातून इतके लोक येतील हे सेलर जाणूनबुजून लपवत होते, असं म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर इटली, पोलंड आणि ते रब्बी होते. आशियाची दारं उघडणं त्यांना न्यायाचं वाटत होतं, हे १९४६ ने दाखवलंच आहे. किती लोक येतील याचा अंदाज मात्र ना त्यांना होता ना विरोधकांना. आणि एक गोष्ट मी रोज बघते म्हणून सांगते. प्रत्येक देशाला सारखाच आकडा, ही १९२४ च्या अन्यायावरची दुरुस्ती होती. लक्झेंबर्गला जेवढा तेवढाच भारताला. आज तीच समानता सात टक्क्यांच्या देशनिहाय मर्यादेच्या रूपात उरली आहे, आणि तिच्यामुळेच भारतात जन्मलेला इंजिनिअर ग्रीन कार्डसाठी वर्षानुवर्षं ताटकळतो. भावासाठी आज अर्ज करणाऱ्याला दीड-दोन दशकांची वाट बघावी लागते. चाळिशीतल्या माणसाला ‘तुमचा नंबर साठीत लागेल’ असं सांगताना माझी जीभ अडखळते.

आता दुसरा प्रश्न, ते हरले कसे. स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती १९२३ पासून अमेरिकेच्या संसदेसमोर येत होती. १९४९ ला सेलर अध्यक्ष झाले आणि पुढची वीसहून जास्त वर्षं त्यांनी तिच्यावर एकही सुनावणी लावली नाही. कामगार संघटनांना भीती होती की समानता आली तर रात्रपाळी, ओझी उचलणं यांपासून बायकांना असलेलं संरक्षण जाईल. सेलर यांचंही मत तेच. हे मत त्या काळी अनेक पुरोगामी लोकांचं होतं, हे मान्य. पण सुनावणी न लावणं ही वेगळी गोष्ट आहे. ज्या खणात हॉवर्ड स्मिथ नागरी हक्क कोंबून ठेवत होते, तसाच खण सेलर यांनी बायकांसाठी ठेवला. १९६४ च्या विधेयकात नोकरीतल्या भेदभावाच्या बंदीत ‘लिंग’ हा शब्द घालायची सूचना आली, तेव्हाही सेलर उठून घरातल्या बायकोच्या शब्दाबद्दल गमतीत बोलले आणि सभागृह हसलं. मिशिगनच्या मार्था ग्रिफिथ्स उभ्या राहून म्हणाल्या की बायकांना दुय्यम मानलं जातं याचा पुरावा हवा असेल तर तो या हशातच मिळाला. सूचना मंजूर झाली.

याच ग्रिफिथ्स बाईंनी १९७० मध्ये सेलर यांच्या समितीवर डिस्चार्ज पिटिशन लावली. एकेका खासदाराला गाठून २१८ सह्या जमवल्या. ऑगस्टमध्ये घटनादुरुस्ती सभागृहात आली आणि विरोधात पडली अवघी १५ मतं. वीस वर्षं जी गोष्ट एका माणसाने अडवून धरली होती, तिला विरोध करणारे सभागृहात एवढेच होते. सेलर यांचं सगळं कर्तृत्व मनापासून मानणारी मी, पण बाई म्हणून आणि वकील म्हणून हे त्यांना माफ करणं मला जमलेलं नाही.

दोन वर्षांनी, २० जून १९७२ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, एलिझाबेथ हॉल्ट्झमन नावाच्या तिशीतल्या वकील त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. ८४ वर्षांचे सेलर त्या वेळी प्रतिनिधिगृहातले सर्वांत ज्येष्ठ सदस्य होते. काडीने वॉशिंग्टन स्मारक पाडायला निघालेली बाई, अशी संभावना करून त्यांनी प्रचाराकडे पाठ फिरवली. मतदारसंघात त्यांचं कार्यालयच नव्हतं. हॉल्ट्झमन सिनेमाच्या रांगांत, भुयारी रेल्वेच्या स्टेशनांवर, सुपरमार्केटच्या दारात लोकांना भेटत राहिल्या. व्हिएतनाम युद्धाला सेलर यांनी दिलेला पाठिंबा, अडवलेली घटनादुरुस्ती आणि त्यांची वकिलीची फर्म, हे प्रचाराचे मुद्दे. त्या फर्मला दोन दरवाजे होते, एकावर सेलर यांचं नाव आणि दुसऱ्यावर नाही. केंद्र सरकारशी काम असलेले अशील बिननावाच्या दरवाजाकडे. मतं मोजली तेव्हा सेलर सहाशेच्या आसपास मतांनी हरले होते.

त्या पराभवाचा एक परिणाम दोन वर्षांनी सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला. १९७४ मध्ये निक्सन यांच्या महाभियोगाची सुनावणी न्याय समितीसमोर झाली, तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीत होते आमच्या न्यू जर्सीचे पीटर रोडिनो, आणि सदस्यांच्या बाकावर हॉल्ट्झमन. पुढे त्याच हॉल्ट्झमन इमिग्रेशन उपसमितीच्या अध्यक्ष झाल्या आणि १९८० च्या निर्वासित कायद्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. छळाला घाबरून पळून आलेल्या माणसाला आसरा मागण्याचा हक्क त्या कायद्याने दिला. माझ्या कार्यालयातली आश्रयाची सगळी प्रकरणं त्याच कायद्यावर चालतात. सेलर त्या वेळी हयात होते. १५ जानेवारी १९८१ ला, ९२ व्या वर्षी, ब्रुकलिनमध्येच ते गेले.

एक काम करा. काकांना त्यांचा पहिला पासपोर्ट काढायला सांगा आणि प्रवेशाच्या शिक्क्यात बघा. ‘पी-३-१’ असेल तर ते शिक्षणाच्या जोरावर तिसऱ्या प्राधान्यात आले. काकू बरोबर आल्या असतील तर त्यांच्यावर ‘पी-३-२’ असेल. आणि तुमच्या घरातलं कुणी नंतर भावाच्या अर्जावर गेलं असेल तर त्या शिक्क्यात ‘पी-५-१’ सापडेल. ते कागद टाकून देऊ नका. नागरिकत्वाच्या, सोशल सिक्युरिटीच्या कामात अजूनही कधीकधी विचारले जातात, आणि जुन्या फाइली सरकारकडून मागवायच्या म्हटलं की महिनोन्‌महिने जातात.